नाथसागरावरील पाहुणे व परतण्याची वेळ

मननासाठीं शास्त्रभाग : यिर्मया ८:४-७ व २०, लूक १२:६-७



यिर्मया संदेष्टा हा यरुशलेमेजवळच्या अनाथोथ नांवाच्या एका लहान गांवचा राहणारा होता. तो याजकाच्या घराण्यांत जन्मला खरा, परंतु त्याची दृष्टि गांवकऱ्याची होती. बदामाची डाहळी, उकळतें भांडें, कुंभाराचें चाक, असल्या रोजच्या वस्तूंतून देवाचें बोलणें त्याच्या कानीं पडत असे. आठव्या अध्यायांत तो लोकांची नजर आकाशाकडे वळवितो. करकोचा, होला, भिंगरी व सारस हीं पांखरें आपापला नेमलेला काळ ओळखून येतात व जातात. परंतु देवाच्या स्वतःच्या लोकांना देवाचा नियम ओळखतां येत नाहीं, असें त्या सातव्या वचनाचें तात्पर्य आहे.

ही उपमा संदेष्ट्यानें उगीच घेतलेली नाहीं. त्याचा देश युरोप, आशिया व आफ्रिका या तीन खंडांच्या सांध्यावर आहे. करकोचा हा जड अंगाचा पक्षी. तो पंख न हालवितां उन्हानें तापून वर चढणाऱ्या हवेवर तरंगत जातो. समुद्रावर अशी हवा पुरेशी मिळत नाहीं, म्हणून तो समुद्र टाळून जमिनीवरून वळसा घेतो. यास्तव आजहि लाखों करकोचे वर्षांतून दोनदां त्या देशावरून जातात. नांगर धरलेल्या शेतकऱ्यानें मान वर केली तरी ते त्यास दिसत. ज्या गोष्टीविषयीं कोणासहि शंका घेतां येत नव्हती, तीच यिर्मयानें साक्षीदार म्हणून उभी केली.

इब्री भाषेंतील दोन शब्द येथें लक्षांत घेण्याजोगे आहेत. करकोच्याचें इब्री नांव ‘हसीदा’. त्याचें नातें ‘हेसेद’ म्हणजे निष्ठापूर्वक दया या शब्दाशीं आहे. दुसरा शब्द ‘शूब’, म्हणजे परत येणें. पश्चात्ताप करणें यासाठींहि तोच शब्द येतो. चौथ्या वचनापासून सहाव्यापर्यंत तो पुनःपुन्हां आला आहे. पडलेला मनुष्य उठतो, वाट चुकलेला मागें फिरतो, मग ही प्रजाच कां फिरत नाहीं, असा देवाचा प्रश्न आहे. तेव्हां सातव्या वचनांतील पांखरें केवळ शोभेसाठीं आलेलीं नाहींत. तीं परत येणारीं आहेत, म्हणून आलीं आहेत. पश्चात्ताप म्हणजे नुसतें वाईट वाटणें नव्हे. परत येणें होय. आणि परत येण्यास एक नेमलेली वेळ असते.

हा धडा शिकण्यासाठीं यार्देनेच्या कांठीं जाण्याचें कारण नाहीं. गेल्या हिंवाळ्यांत आम्ही कांहीं उपदेशकांसह पैठणच्या नाथसागरावर पक्षी पाहावयास गेलों होतों. शेवगांव व नेवासें तालुक्यांतील आपल्या पुष्कळ बांधवांस हा जलाशय ठाऊक आहे. गोदावरीवरील या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें बसली व १९७६ सालीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. सुमारें १० किलोमीटर लांबीची मातीची भिंत, २७ दरवाजे, आणि मागें दृष्टि पोहोंचेल तेथवर पाणी. संत एकनाथांच्या नांवावरून त्या पाण्यास नाथसागर म्हणतात. हें पाणी विस्तारानें मोठें पण बहुतेक ठिकाणीं उथळ आहे. पावसाळा सरला कीं तें हळूहळू मागें हटतें. मग ओला चिखल व गाळ उघडा पडतो. त्यांत किडे, गोगलगाई, पाणवनस्पति विपुल असतात, आणि गाळपेराच्या जमिनींत गहूं-हरभरा उभा राहतो. उत्तरेकडील तळीं गोठूं लागलीं कीं हें अन्न खावयास दूरदेशचे पक्षी येथें येतात. १९८६ सालीं हा भाग पक्षी-अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

पहांटे धुकें असतां प्रथम केवळ आवाज ऐकूं आले. उजाडल्यावर दुर्बिणीवांचूनहि दिसूं लागलें. सोनेरी तांबूस रंगाचे चक्रवाक जोडीजोडीनें चिखलावर उभे होते. चपट्या चोंचीचे थापटे पाणी गाळीत गोल फिरत होते. टोंकदार शेपटीचीं तलवार बदकें, लांब गुलाबी पायांचे शेकाटे, आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले ते काळे पक्षी, ज्यांस आपले लोक वारकरी म्हणतात, असे थवेच्या थवे होते. एका बाजूस पट्टकादंब चरत होते. हा राखी रंगाचा हंस आहे. त्याच्या पांढऱ्या डोक्यावर मागील बाजूस दोन काळे पट्टे असतात. तो तिबेट व मंगोलिया यांतील उंच सरोवरांच्या कांठीं पिलें वाढवितो व हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो.

कांठावर एक वृद्ध भोई होडी दुरुस्त करीत बसला होता. आम्हीं विचारलें, “बाबा, हीं पांखरें कोठून येतात?” तो म्हणाला, “कुठनं येत्यात ते आमाला काय ठावं, गुरुजी? पर हरभऱ्याला घाटं धरायच्या आधी येत्यात, अन् ऊन तापाया लागलं की जात्यात. तारीख आमी इसरतो, ती न्हाई इसरत.” त्या अशिक्षित मनुष्याच्या मुखीं यिर्मयाच्या वचनाचा पूर्वार्ध जसाचा तसा होता. त्याचा उत्तरार्धहि पुढें त्याच्याच बोलण्यांतून निघाला, तो आम्ही सांगूंच.

आतां प्रथम त्या पांखरांपासून काय शिकावयाचें तें पाहूं.

पहिली गोष्ट ही कीं, पांखरूं वेळ निघून जाण्यापूर्वीं उठतें. दिवस लहान होऊं लागला कीं त्याच्या शरीरांत पालट होतो. तें अधिक खातें, अंगांत चरबी सांठवितें, व त्यास एके ठिकाणीं चैन पडत नाहीं. तळें बर्फानें झांकलें जाण्याची वाट पाहात तें बसलें तर तेथेंच मरेल. सूर्य, तारे व पृथ्वीची चुंबकशक्ति यांच्या आधारें तें दिशा धरतें. देवानें त्याच्या शरीरांत ठेविलेली ही सूचना तें ऐकतें. आपल्यांतहि देवानें सूचना ठेविली आहे. तिला आपण सदसद्विवेकबुद्धि म्हणतों. शिवाय आपल्याजवळ शास्त्र आहे, मंडळी आहे, पवित्र आत्मा आहे. पांखराजवळ यांतील एकहि नाहीं. असें असतां तें वेळेवर पोहोंचतें व आपण मागें राहतों, याचें कारण ज्ञानाची उणीव नव्हे. कळतें, पण उठवत नाहीं. “पीक निघूं द्या, मुलीचें लग्न होऊं द्या, मग पाहूं,” असें म्हणतां म्हणतां तळें गोठतें.

दुसरी गोष्ट हिमालय ओलांडणाऱ्या पट्टकादंबाची. पुष्कळ काळ लोकांची समजूत अशी होती कीं, हा पक्षी एकदां उंच चढून सरळ रेषेंत पर्वतांवरून जात असावा. अलीकडे त्यांच्या अंगावर लहान यंत्रें बसवून शास्त्रज्ञांनीं त्यांच्या वाटेचा शोध घेतला. ७,००० मीटरांहून अधिक उंचीवर उडाल्याची नोंद झाली खरी, परंतु २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, हे पक्षी बहुधा डोंगराच्या चढउताराप्रमाणेंच चढत व उतरत जातात. मिळविलेली उंची ते खोऱ्यांत उतरून सोडून देतात व पुढें पुन्हां चढतात. विरळ हवेंत उंचीवर टिकून राहण्यास जितकी शक्ति लागते, तितकी यास लागत नाहीं. ते बहुशः रात्रीं व पहांटे उडतात. त्या वेळीं हवा थंड व दाट असते. बंधुजनहो, परत येणाऱ्याची वाट अशीच असते. आपण एकदां कोठें तरी चढलों, कोणी वडील झाला, कोणी उपदेशक झाला, म्हणजे तेथून खालीं उतरणें आपणांस अपमानाचें वाटतें. “माझें चुकलें” हे दोन शब्द म्हणजे खोऱ्यांत उतरणें होय. जो उतरण्यास भितो तो पर्वतांतच दमून पडतो. उधळ्या पुत्रानें डुकरांमध्यें बसून प्रथम मनाशीं कबुली दिली, मग तो उठला, आणि मग घराची वाट चालूं लागला.

आतां त्या भोयाचें पुढचें बोलणें सांगतों. आम्हीं विचारलें, येथें पांखरें कोणी धरतात काय? तो थोडा वेळ उगा राहिला. मग म्हणाला, “पोरं रातीची जाळी लावत्यात. इकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळतं. आमच्या बापाचं शेत या पान्याखाली गेलं, गुरुजी. शेत पान्यात गेलं, तर पान्यात जे हाय ते आमचंच की!”

या बोलण्यास आम्ही उथळ उत्तर देऊं इच्छीत नाहीं. कायदा तर स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या पक्ष्यांची शिकार गुन्हा ठरली आहे. परंतु त्या वृद्धाचें दुःख कायद्याच्या कलमानें शमणारें नव्हतें. मोठ्या पाण्याखालीं गांवें जातात, बांध जातात, वाडवडिलांच्या कबरा जातात. ज्याचें शेत बुडालें त्याचें पाणी दुसऱ्याच्या उंसास मिळतें. हा अन्याय ज्यास वाटतो त्यास आपण गप्प राहा म्हणूं नये. संदेष्ट्यांनीं कधींहि तसें म्हटलें नाहीं. तरी पण विचार करा : शेत कोणीं घेतलें, आणि जाळें कोणावर पडतें? मंगोलियाहून आलेल्या पांखरानें त्या भोयाचें कांहींएक घेतलें नव्हतें. ज्यानें आपलें नुकसान केलें त्याच्यापर्यंत आपला हात पोहोंचत नाहीं, म्हणून जो हातीं सांपडतो त्याच्यावर आपण तें फेडून घेतों. सावकारानें नाडलेला मनुष्य घरीं येऊन बायकोला मारतो, तेंहि असेंच जाळें होय. अन्याय सोसणें निराळें व तो पुढें दुसऱ्यास देणें निराळें.

असल्या दुःखांतून व असल्याच जाळ्यांतून एक सबंध गांव कसें परत फिरलें, ही हकीकत आपल्या मंडळ्यांनीं अवश्य ऐकावी. ती महाराष्ट्रांतली नाहीं, पण आपल्याच देशांतील व आपल्याच प्रभूच्या लोकांची आहे. आसामच्या पलीकडे नागालँड प्रांतांत वोखा जिल्हा आहे. तेथील लोथा नागा लोक बहुतेक बाप्तिस्त मंडळीचे ख्रिस्ती आहेत. त्या भागांत दोयांग नदीवर विजेसाठीं धरण झालें व २००० सालीं तें काम पुरें झालें. पांगती व आसपासच्या गांवांची शेतजमीन पाण्याखालीं गेली. शेतकरी मासेमारीकडे वळले. त्याच जलाशयावर दरवर्षीं आक्टोबर-नोव्हेंबरांत अमूर ससाणे लाखोंनीं उतरतात. हा पारव्याहूनहि लहान पक्षी सैबेरियाचा पूर्व भाग, उत्तर चीन व मंगोलिया येथून निघतो, वाटेंत दोयांगावर वाळवी व किडे खाऊन बळ धरतो, आणि मग हिंदुस्थानचा मध्य व अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिण भागास जातो. पांगतीच्या लोकांनीं माशांचीं जाळीं झाडांमध्यें बांधलीं. २०१२ सालीं पक्षिरक्षकांनीं तेथें जाऊन जें पाहिलें त्यावरून, एका हंगामांत सुमारें १,२०,००० ते १,४०,००० ससाणे मारले जात असावे असा अंदाज झाला. जिवंत पक्षी ओझ्यांनीं बांधून बाजारांत जात होते. जाळीं बांधणारे हात रविवारीं गीतपुस्तक धरणारे होते.

ही गोष्ट जगापुढें आली तेव्हां त्या गांवांपुढें दोन वाटा होत्या. “आमचीं शेतें बुडालीं तेव्हां तुम्ही कोठें होतां?” असें विचारून दार लावून घेणें ही एक वाट, आणि तो प्रश्न सर्वस्वीं खोटाहि नव्हता. दुसरी वाट परत येण्याची. गांवच्या पंचांनीं शिकार बंद करण्याचे ठराव केले. मंडळ्यांतून देवाच्या सृष्टीविषयीं बोध झाला. मुलांस पक्ष्यांविषयीं शिकविण्यांत आलें. पुढच्याच वर्षीं, २०१३ च्या हंगामांत, एकहि ससाणा जाळ्यांत धरला गेल्याची नोंद झाली नाहीं. त्या वर्षीं तीन ससाण्यांच्या पाठीवर यंत्रें बसवून त्यांस सोडलें, आणि त्यांस नागा, वोखा व पांगती हीं नांवें दिलीं. ज्या गांवाचें नांव हत्येसाठीं झालें होतें, तेंच नांव एक पांखरूं समुद्रापार घेऊन गेलें. पूर्वीं जाळीं लावणारे पुरुषच पुढें त्या थव्यांचे राखणदार झाले.

यांत आम्हांस तीन गोष्टी दिसतात. एक, त्यांनीं भरपाईची हमी मिळेपर्यंत वाट पाहिली नाहीं. प्रथम जाळें काढलें. दोन, तें एकेकट्यानें केलें नाहीं. एकट्यानें जाळें काढलें असतें तर शेजाऱ्यानें त्याच जागीं आपलें बांधलें असतें. म्हणून पंच, मंडळी, आईबाप व मुलें हीं एकदम वळलीं. तीन, त्यास पिढी लागली नाहीं. एक वर्ष पुरलें. आपण म्हणतों, “गांवाची संवय जुनी आहे, हळूहळू जाईल.” हळूहळू जाणारी संवय बहुधा जातच नाहीं.

प्रभु येशूनें पांखरांच्या बाजारभावाचा उल्लेख केला आहे. मत्तयाच्या दहाव्या अध्यायांत एका नाण्यास दोन चिमण्या, आणि लूकच्या बाराव्या अध्यायांत दोन नाण्यांस पांच. हिशेबानें चार याव्या. पांचवी विकणाऱ्यानें वर घातलेली आहे. तिला बाजारांत किंमतच नाहीं. तीच पांचवी चिमणी धरून प्रभु म्हणतो कीं, देवास तिचाहि विसर पडत नाहीं. प्रभूच्या या बोलण्याचा आधार घेऊन आपण आपल्या जिवाची खात्री करून घेतों, तें योग्यच आहे. परंतु ज्या पांचव्या चिमणीच्या आठवणीवर आपला दिलासा टेकला आहे, तिलाच फांसांत धरून विकणें हें कसें? अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत घरटें सांपडल्यास आईस सोडून द्यावें अशी आज्ञा आहे. ज्या देवानें घरट्यापाशीं मनुष्याचा हात आंवरला, तोच आपला देव आहे.

म्हणून जलाशयांच्या कांठीं राहणाऱ्या बांधवांस आमची विनंति आहे. आपल्या घरीं पांखरांचें जाळें, फांस किंवा विषारी दाणे असतील तर ते या आठवड्यांत काढून टाका. मंडळीच्या सभेंत उघड बोलून सर्वांनीं मिळून ठरवा. ज्याच्या घरीं त्यावांचून चूल पेटत नाहीं, त्यास नुसता उपदेश करून परत पाठवूं नका. त्यास होडीचें काम, मजुरी, शेळीपालन, जें मंडळीस साधेल तें मिळवून द्या. याकोबाच्या पत्रांत उपाशी भावास कोरडा आशीर्वाद देणाऱ्यांस जो दोष दिला आहे, तो आपणांवर येऊं नये.

ज्यांच्या गांवीं जलाशय नाहीं त्यांनींहि स्वतःस सुटलेले समजूं नये. जाळें सुताचेंच असतें असें नाहीं. दारूचें जाळें आहे. भाऊबंदकीचें आहे, दोन घरें वर्षानुवर्षें एका प्रार्थनामंदिरांत बसतात व एकमेकांस सलाम करीत नाहींत. बाप्तिस्मा घेतल्यावरहि पंगतींत जात पाहण्याचें जाळें आहे. प्रत्येकाच्या जवळ त्या भोयासारखें एक खरें दुःख असतें व त्या दुःखाच्या आडून तो आपलें जाळें राखतो. आपलें दुःख प्रभूपुढें मांडा, पंचांपुढें मांडा, सरकारापुढेंहि निर्भयपणें मांडा; पण जाळें काढा.

उपदेशक बंधूंस दोन शब्द. दिवाळीनंतर आपल्या मंडळ्यांतील किती तरी कुटुंबें उचल घेऊन ऊंसतोडीस जातात व उन्हाळ्यांत परततात. तीं कोणत्या कारखान्याच्या तळावर आहेत, त्यांचीं मुलें कोठें शिकतात, हें आपणांस ठाऊक असावें. पांखरें परत येतात तेव्हां पाणी त्यांच्यासाठीं तयार असतें. आपली माणसें परत येतात तेव्हां मंडळीचें दार तसेंच उघडें असावें. पट्टकादंबाचीं पिलें पहिला प्रवास आईबापांसंगतीं करून वाट शिकतात. आपलीं मुलें देवाची वाट आपल्या मागें चालूनच शिकतील. आपण स्वतः परतलों नाहीं तर त्यांस कोणती वाट दाखवूं?

यिर्मयाच्या त्याच अध्यायाच्या विसाव्या वचनांत एक फार दुःखाचा उद्गार आहे. कापणी सरली, उन्हाळा गेला, आणि लोकांचें तारण झालेलें नाहीं. जे परतले नाहींत त्यांचा तो विलाप आहे. आज अजून ऋतु गेलेला नाहीं. ख्रिस्तानें वधस्तंभावर आपले हात पसरून बापाच्या घराची वाट मोकळी केली आहे, आणि ज्यास उशीर झाला असें वाटतें त्यासहि तो हांक मारीत आहे. आजचा दिवस नेमलेला दिवस समजून आपण उठावें, लागेल तेथें खालीं उतरावें, व घरीं परत यावें. यासाठीं आकाशांतील पांखरांस वाट दाखविणारा देव तुम्हां आम्हां सर्वांस बळ देवो. आमेन.